निकामी, अर्धवट, शाबूत

२ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र छावणीत सामान पोचवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने हातोहात आणून दिलं, त्यामुळे तुमच्या छावणीतला पत्रं फोडणारा साहेब या वेळी उपाशी राहिला. तो तुझ्या भाऊजींचा जुना दोस्त आहे, आठवड्यातून दोनतीन खेपा करतो, तेव्हा यापुढे त्याच्याच हाती दे.

इथे सगळे बरे आहोत. वाचनालयाच्या खिडक्यांना मी कागदी पट्ट्या चिकटवल्या. वाचक येतात, पण पुस्तकं बदलत नाहीत, बसून राहतात. दाराजवळ मी एक तक्ता लावला आहे. डाव्या बाजूला आपल्या रेडिओने काय उडवलं म्हणून सांगितलं ते, उजव्या बाजूला चौथ्या दिवशी आपलं काय उडालं ते. आपण विमानतळ म्हटलं, आपला विमानतळ गेला. तेलाच्या टाक्या म्हटल्या, आपल्या टाक्या तीन दिवस जळल्या. पूल म्हटलं, पूल. एकदाही चूक नाही. आकाशातून लढलं की युद्ध लवकर संपतं असं माझ्या एका कपाटातली पुस्तकं सांगतात. ते कसं संपलं नाही ते शेजारच्या कपाटात आहे. दोन्ही कपाटं उघडायची तसदी कुणी घेत नाही.

तू म्हणतोस, मी फक्त फोटो बघतो, बॉम्ब टाकत नाही. धाकट्या, विमान आधी तुझ्या पेन्सिलीतून उडतं आणि मग धावपट्टीवरून. ती पेन्सिल एकदा तरी माणसांसाठी वापर. एवढंच मागते, आणि हे मागायचा मला हक्क आहे, कारण तुला अक्षर मी शिकवलं.

जेवत जा. बाकी माया आहेच, ती पत्रात मावत नाही.
तुझी ताई


५ मार्च

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. माझी तब्येत ठीक आहे. झोप लागते, जेवण वेळेवर मिळतं. दोन्हीची चव कळत नाही, पण तक्रार करण्यासारखं काही नाही.

आमचं काम एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालतं. सात टेबलं, सात भिंगं. माझ्या शेजारी पूर्वी भूगोल शिकवणारी एक बाई बसते, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. हल्ल्याआधीचा फोटो आणि हल्ल्यानंतरचा फोटो शेजारी ठेवायचे आणि एका छापील कागदावर तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: निकामी, अर्धवट, शाबूत. शाबूत म्हटलं तर वैमानिकाला बोलणी बसतात. अर्धवट म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी विमानं परत त्याच जागी जातात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. निकामी म्हटलं तर ते ठिकाण फळ्यावरून पुसतात आणि संध्याकाळी रेडिओवर सांगतात. इतर काहीच रेडिओवर सांगत नाहीत. पूर्वी मी जमिनीची मोजणी करायचो तेव्हा वीतभर बांधावरून लोक माझी गचांडी धरायचे. इथे कुणी वाद घालत नाही.

भाऊजींना एक विचारायचं आहे. त्यांच्या जलशुद्धीकरण केंद्रात गोल टाकी आहे आणि तिच्यावर एक लांब लोखंडी हात फिरत असतो. केंद्र बंद पडलं तर तो फिरतो का? कशासाठी ते विचारू नये ही विनंती.

लोभ आहे तसा राहू द्यावा.
तुझा धाकटा


७ मार्च

श्री. मोजणीदार यांस,
भाऊजींचा नमस्कार.

तुझ्या ताईने पत्र लिहायला बसवलं आहे. घरात रोज सभा असते, श्रोता मी एकटा, आणि टाळ्याही मलाच वाजवाव्या लागतात. काल भाषणाच्या भरात तिने भात करपवला आणि त्याचंही खापर सरकारवर फोडलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो हात टाकीच्या तळाचा गाळ ओढत असतो. इतका सावकाश फिरतो की नवा माणूस म्हणतो, हा बंदच आहे. सकाळी एकीकडे दिसतो, दुपारी दुसरीकडे, तेव्हा कळतं. पाणी चालू आहे तोवर तो चालू. वरचं अख्खं पंपघर पडलं तरी एका जुन्या पंपावर आम्ही निम्म्या गावाला पाणी देऊ शकतो, आणि देऊच. तो हात थांबला की समज, आम्ही घरी गेलो.

कशासाठी ते विचारत नाही. मेव्हण्यांना विचारून कुणाचं भलं झालंय.

तुझा,
नळावरचे भाऊजी

ता. क.: यांचं काही मनावर घेऊ नकोस. भात नुसता लागला होता. ताई.


९ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काल संध्याकाळी रेडिओ ऐकला असशीलच. त्यांच्या मोठ्या शहराचं पाणी आपण पूर्ण बंद पाडलं म्हणे. निवेदकाचा आवाज इतका खूष होता की मी बटण बंद करायला उठले आणि उभीच राहिले. विमानतळाला, टाक्यांना, पुलाला निदान लष्कराचं नाव चिकटवता येत होतं. पाणी तर तान्ह्या पोराच्या दुधातही असतं. ही पायरी आपण आधी चढलो, आता ते चढतील. चार दिवस म्हणजे बारा तारीख.

यांना म्हटलं, बाराला रजा घ्या. म्हणाले, मी रजेवर गेलो तर पाणी कोण सोडणार, तुझं भाषण? मी म्हटलं, थट्टा पुरे. त्यावर म्हणाले की बाराला सकाळची पाळी माझीच आहे. बदलून मागितली तर दुसरा कुणी तिथे उभा राहील, त्यालाही बायको आहे, फक्त ती तक्ते लावत नाही. मी सभा जिंकलेली बाई, या माणसापुढे कधी जिंकले नाही.

तुझं काही ऐकू येतं का तिकडे? कळवता येण्यासारखं असेल तर कळव. काळजी करते आहे, पण सवयीची.
ताई


१३ मार्च

धाकट्यास,

काल सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी झालं. मी एका पुस्तकाचा कणा चिकटवत होते. आधी खिडकी हलली, आवाज नंतर आला.

तिथे जाऊन आले. गोल टाकी रिकामी होती, तळाला गाळ. हे जुन्या पंपाजवळ सापडले, झडपेच्या चाकाशी. पंपघर पडल्यावर तो पंप सुरू करायला गेले असावेत, कारण पहिल्या आणि दुसऱ्या बॉम्बमध्ये सहा मिनिटांचं अंतर होतं. असं पाळीवरच्या माणसाने सांगितलं. त्याने मला यांची किल्ल्यांची जुडी आणि चष्मा दिला. चष्मा धड आहे.

घरी आले. हात धुवायला नळ उघडला. नळ कोरडा होता. तेव्हा मला कळलं की हे कामावर नाहीत.

सगळं उरकलं. तुला बोलावणं शक्य नव्हतं. लोक येतात, बसतात. मी चहाचं विचारते आणि पाणी नाही हे आठवतं. रडू येईल असं वाटलं होतं, आलेलं नाही. तक्त्याच्या उजव्या बाजूला मी नोंद केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ताई


१६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

वर सवयीने सौ. लिहिलं गेलं होतं, तो कागद फाडला. हा दुसरा.

तुला सांगायचं आहे ते सरळ सांगतो. त्यांच्या शहराच्या जलकेंद्राचे फोटो माझ्याच टेबलावर आले होते. पंपघर पडलेलं होतं. बाकी ओसाड दिसत होतं. चष्मेवालीने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, अर्धवट असेल किंवा निकामी, तूच ठरव. माझ्याकडे सकाळचा एक आणि दुपारचा एक असे दोन फोटो होते. गोल टाकीवरचा हात सकाळी उत्तरेला होता आणि दुपारी पूर्वेला. खोलीत हे फक्त मला वाचता येत होतं, कारण हल्ल्याआधीच्या फोटोत तो हात पाहून मी भाऊजींना विचारलं होतं आणि त्यांनी लिहून कळवलं होतं. केंद्र चालू होतं. म्हणजे तिथे एका जुन्या पंपावर कुणीतरी उभं होतं.

खरी खूण अर्धवट. ती केली असती तर सकाळी विमानं परत गेली असती आणि तो माणूस मेला असता. तुझं पेन्सिलीचं वाक्य माझ्या खिशात होतं. मी निकामी लिहिलं. त्या रात्री मला जेवणाची चव लागली, हेही सांगतो.

निकामी झालेलं ठिकाण रेडिओवर जातं हे मला माहीत होतं. तुझा तक्ताही माहीत होता. दोन्ही एकत्र माझ्या डोक्यात आलं नाही. मी खूण केली नसती तर आपल्या लोकांनी पाण्याचं नाव उघड घेतलंच नसतं. अर्धवट गोष्टींबद्दल ते गप्प बसतात. त्यांनी फुशारकी मारली ती माझ्या कागदावर. उत्तर आलं ते त्या फुशारकीला. तिकडचा माणूस वाचला, बहुतेक. इकडचा गेला.

मला काय वाटतं ते लिहिता येत नाही, कारण काही वाटत नाही. टेबलावर बसतो, भिंग धरतो.

लोभाबद्दल काही मागत नाही.
धाकटा


१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. राग शोधला, मिळाला नाही. पेन्सिलीचं वाक्य माझं. हात फिरतो की थांबतो, ते उत्तर यांचं. खूण तुझी. तिघांनी मिळून एक चांगलं काम केलं आणि त्याचं हे झालं. तू एकटा त्याचा धनी नाहीस, आणि तुला मोकळंही करता येत नाही मला.

काल चौकात शोकसभा होती. मला पुढे बसवलं. माझ्याकडून त्यांना सूड हवा होता, तो शब्द त्यांनी कापडावर आधीच रंगवून आणला होता. तीस वर्षं मी बोलते आहे, लोकांना काय ऐकायचं असतं ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळतं. मी उठले आणि म्हटलं, आता त्यांचं काय उडवायचं ते सांगा, म्हणजे चौथ्या दिवशी आपलं काय जाईल ते मी सांगते. वर काय उरलंय ते मोजा. आपल्या डोक्यावर धरण आहे. एवढ्यात एकाने ध्वनिक्षेपक काढून घेतला. नम्रपणे घेतला, विधवा म्हणून. मागून कुणी म्हणालं, बाईंचं डोकं फिरलंय, बिचाऱ्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता तुझं. खोटं लिहिलंस तर ते बढाई मारतात, खरं लिहिलंस तर विमानं परत जातात. त्या कागदावर माणसासाठी चौकटच नाही. तिथे बसून दयाळू होता येत नाही, धाकट्या. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. पेन्सिल चांगली वापरू नकोस. खाली ठेव आणि उठ. त्याचे परिणाम मला माहीत आहेत.

टँकर एकदिवसाआड येतो. रांगेत माझा नंबर लवकर लावतात.
ताई


२३ मार्च, दुपार

ती. ताईस,
नमस्कार.

काल सकाळी मुख्य साहेबांनी माझ्या टेबलावर त्यांच्या धरणाचे फोटो ठेवले. सावलीवरून भिंतीची जाडी काढायची होती, कोणता बॉम्ब न्यायचा ते त्यावर ठरतं. साहेब म्हणाले, त्यांनी आपलं जलकेंद्र पाडलं त्याला हे उत्तर आहे, एकच पायरी वर, याच्यावर कुणी जाणार नाही. पुलाच्या वेळीही हेच म्हणाले होते. भिंतीखाली नऊ वस्त्या दिसत होत्या. मी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं की मी हे मोजणार नाही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फोटो उचलून शेजारच्या टेबलावर ठेवले. चष्मेवालीने अकरा मिनिटांत जाडी काढली. बरोबर काढली. मी तिथेच उभा होतो.

आज सकाळी विमानं गेली आणि परत आली. फोटो कोरडे होण्याआधीच चष्मेवालीने खूण केली. निकामी. संध्याकाळी रेडिओवर सांगतील.

मला छपाईच्या खोलीत बसवून ठेवलं आहे. चौकशी परवा आहे. मोजायला नकार दिला म्हणून फार तर वर्षभर आत ठेवतील असं पहारेकरी म्हणतो. ड्रायव्हर इथे कागदाचे गठ्ठे उतरवायला येतो, त्याच्याच हाती हे देतो. हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर वर्षावर भागणार नाही, म्हणून वाचून जाळ.

ताई, तुझा हिशेब बरोबर असेल तर सत्तावीस तारीख. आपलं धरण. तू टेकडीवरच्या शाळेत जा. आजच जा. भाऊजींचा चष्मा बरोबर घे.

धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल सकाळी मिळालं. दिवसभर मी घरोघर गेले. सत्तावीसच्या आत टेकडीवर चला, असं सांगितलं. लोकांनी दार उघडलं, बसा म्हणाले, पाणी पिता का म्हणाले, ज्यांच्याकडे ते होतं. रेडिओवर धरणाचं ऐकूनही कुणी हललं नाही. आपल्या धरणाला तोफा आहेत म्हणे, आणि शहाणी माणसं धरण फोडत नाहीत म्हणे. आपण कालच फोडलं, असं मी म्हटलं. माझं बोलणं या गावाने इतकं ऐकलंय की आता ते कानाला लागत नाही. दिवस मावळेपर्यंत चार घरं निघाली.

आज पहाटे मी तक्ता काढला आणि त्या जागी तुझं पत्र लावलं. वाचनालयाच्या दाराला, चारी कोपऱ्यांना खिळे मारून. तुझं नाव, तुझा हुद्दा, छावणीचा पत्ता खाली मोठ्या अक्षरात लिहिला, कारण बिननावाच्या कागदावर कुणी अंथरूण उचलत नाही. सोळा तारखेचं पत्रही शेजारी लावलं. नकार देणारा माणूस कोण हे कळल्याशिवाय नकार पटत नाही.

आधी दूधवाल्याने वाचलं, मग शिंप्याने, मग तो मोठ्याने वाचू लागला. नऊ वाजेपर्यंत रस्ता भरला. आता गाड्या, हातगाड्या, खाटा, म्हातारी माणसं, सगळं टेकडीकडे चाललं आहे. कुणी माझ्याशी बोलत नाही. एक पोलीस आला, त्याने दोन्ही पत्रं वाचली, वहीत तुझं नाव उतरवून घेतलं, आणि मग घरी जाऊन आईला पाठीवर घेऊन तोही निघाला.

तुला विचारायला वेळ नव्हता. असता तरी विचारलं नसतं, कारण तू हो म्हणाला असतास आणि मग ते तुझ्यावर गेलं असतं. हे माझ्यावर राहू दे.

ड्रायव्हर म्हणतो ही त्याची शेवटची खेप. चौकशीत खरं सांग. मी टेकडीवर पोचले की पत्ता कळवेन, पत्र देतील तुला तर.

थोरल्या बहिणीवर लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.
ताई