नायट्रोजन सोडायची वेळ

प्रिय ओरातिले,

गावी, ताऊंगला नीट पोचलीस ना? आईचे गुडघे कसे आहेत? तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून तुमच्या गावाकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे हे पत्र देते आहे.

तू गेल्यापासून प्रयोगशाळेत कुणी धड बोलत नाही. काल फाटकाशी मॅग्विन्यांचे पिठाचे गोळे तळताना मा सेइपातींनी टोमणा मारलाच, "आज एकटीच? जोडीदारीण कुठे हरवलीस गं?" मी मॅग्विन्या न घेताच निघाले.

तो पॅलेडियमचा पडदा तू आठ महिने खपून नळीवर चढवलास. केसाहून पातळ. अमोनिया फुटला की त्यातला हायड्रोजन तेवढा पलीकडे जायचा, बाकी सगळं अलीकडेच अडायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा तू मला गदागदा हलवून ओरडलीस, "बघ, बाबांनी खाणीतून काढलेला धातू कामाला लागला!"

तो तडकल्यावर सरांनी नोंदवही उघडली. शेवटची सही तुझी, दुपारी बाराची. "वीज जाणार हे फोनवर आलेलं असताना नायट्रोजन सोडून हायड्रोजन बाहेर काढला नाहीस? हायड्रोजन आत ठेवून नळी थंड केली की पडदा फुगून फुटतो, हे नवी पोरंही सांगतील!" तू एवढंच म्हणालीस, "सर, मी बाराला निघाले." मग माझ्याकडे पाहिलंस, आणि माझं नाव घेतलं नाहीस. माझी शिष्यवृत्ती जाईल म्हणून ना? मला स्वतःची शिसारी येते.

बाराला काम माझ्या हाती आलं. दोनला वीज जाणार, म्हणजे दीडला नायट्रोजन सोडायला हवा होता. पण आकडे इतके छान येत होते, की प्रबंधासाठी आणखी एक नोंद घेऊ म्हटलं, मग आणखी एक. वीज दहा मिनिटं आधीच गेली. नायट्रोजनची झडप विजेवरची, ती उघडेना. नळी तापवणाऱ्या भट्टीच्या तापमानाचा काटा उतरत होता आणि मी नुसती बघत उभी होते. सही करायची राहिली होती, ती मग मुद्दामच केली नाही. गुरुवारी समिती तुला काढून टाकणार होती. आज सकाळी मी सरांना सगळं लिहून दिलंय. ते वाचून म्हणाले, "ओरातिलेला तूच कळव." म्हणून हे पत्र. गुरुवारी समितीपुढे मी उभी राहीन. तू ये, नवा पडदा चढवायला कोरी नळी तुझ्या टेबलावर ठेवली आहे.

तुझीच (अजून तसं म्हणू देशील तर),
त्शेनोलो