पत्राखालचे आशीर्वाद

जिनिव्हा, ता. १४ नोव्हेंबर १९४८

चि. अंजनास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शाळेतल्या पोरी तुला मास्तरीणबाई म्हणू लागल्या हे वाचून हसू आले. लहानपणी चिंचेखाली दगड ओळीने बसवून त्यांना छड्या मारायचीस. ते दगड सुटले म्हणायचे एकदाचे! इथे थंडी हाडात शिरते. आईची घोंगडी नसती तर मी कधीच कोरेगावची गाडी धरली असती.

इथे दुभाष्यांच्या शाळेत नेमके काय शिकवतात, असे विचारतेस. सभेत एखाद्या देशाचा माणूस उठतो, फ्रेंचमध्ये लांबलचक बोलतो. मी चार खुणा टिपून घेतो आणि तो बसला की तेच सगळे इंग्रजीत सांगतो. ‘ते म्हणाले’ असे नाही म्हणायचे. तोच बोलतोय असे बोलायचे. इटलीत पलटणीत असताना बाजारहाटापुरती भाषा जमली, की आपण दुभाषी झालो असे वाटायचे. इथे ती मिजास उतरली.

आणि आता खरे सांगतो, मी पुरता अडकलो आहे. कुणी रागाने बोलले की माझ्या तोंडून ते मऊ होऊनच बाहेर पडते. सरावाच्या सभेत एकाने समोरच्याला तोंडावर लबाड म्हटले, आणि मी सांगितले की आमचे थोडे मतभेद आहेत. आमच्या बाईंनी मला सगळ्यांदेखत थांबवले. फेब्रुवारीच्या परीक्षेत पुन्हा असे घडले तर शाळा सोडावी लागेल, असे त्यांनी बजावले आहे.

त्या रात्री तुझी पत्रे काढून वाचली, आणि वाटले, ही तर माझीच बहीण! मी निघालो तेव्हा आबा स्टेशनावरसुद्धा आले नाहीत. आणि तुझ्या दर पत्रात आबा खुशीत, आबा आठवण काढतात, आबांचे आशीर्वाद. आबा असे बोलत नाहीत गं. ते जे बोलतात ते अक्षर न बदलता कळव. कडू असेल तर कडूच पाठव. मला त्याची गरज आहे.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
अर्जुन

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. ५ डिसेंबर १९४८

ती. अर्जुनदादास अंजनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. घरापासून इतक्या लांब असलेल्या माणसाला कुणी कडू लिहिते का? पण तू मागितलेस म्हणून लिहिते. आई ठीक आहे, तिचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

आबांना मी सरळच विचारले, दादाला काय कळवू? आबा वैरण टाकत होते. हातातला पेंढा तसाच ठेवून बोलायला लागले. ते म्हणाले ते असे: “लिव्ह त्याला, दुभाष्यानं माझा धुळा खाल्ला. आन् आता माझाच ल्योक दुभाष्या व्हतोय. त्याचं नाव काढू नगंस माज्यापुढं.”

धुळा म्हणजे पहिल्या लढाईतला आबांचा जिवाभावाचा दोस्त, आटपाडीचा. तो नदीत वाहून गेला एवढेच आपल्याला माहीत होते. बाकीचे मी आबांकडून खोदून काढले. मेसोपोटेमियात पलटण नदी उतरणार होती. गावातला एक म्हातारा साहेबापुढे येऊन ओरडला, की वर पाऊस झालाय, उद्या पाण्यात पाय घालाल तर मराल, तुमच्यासारखा अडाणी साहेब पाहिला नाही. दुभाषी साहेबाला भ्याला. म्हातारा म्हणतो जरा जपून उतरा, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी धुळा ओझ्याच्या खेचरांसकट वाहून गेला. मग त्या दुभाष्यानेच काठावर बसून रडत सगळे सांगितले, तेव्हा आबांना कळले.

आणखी एक कडू आहे, तेही घे. आजवर पत्राखाली आबांचे आशीर्वाद लिहीत आले ते मीच. त्यांनी एकदाही सांगितले नव्हते. आज लिहीत नाही.

तब्येतीला जप. रागावू नकोस, एवढे मागते.

तुझी,
अंजना

जिनिव्हा, ता. २० फेब्रुवारी १९४९

चि. अंजनास अनेक उत्तम आशीर्वाद.

पास झालो! एक आकडा चुकलो त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण पास झालो.

तुझे पत्र आले तेव्हा वाईट वाटलेच. खाली आशीर्वादाची जागा रिकामी पाहून जेवण गेले नाही. पण गेल्या वर्षभरात आबा मला खरे भेटले ते त्याच पत्रात. ते माझ्यावर रुसले नव्हते, त्यांना माझी धास्ती होती.

परीक्षेत एक जण अध्यक्षांवर उसळून बोलला, की तुमच्या या ठरावाने माझ्या मुलखातली माणसे मरतील आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. मी उभा राहिलो. पूर्वीचा मी असतो तर ‘अडचणी येतील’ म्हणून मोकळा झालो असतो. तोंडात तेच शब्द आलेही होते. पण डोळ्यांपुढे धुळाकाका आले, ज्यांना मी कधी पाहिलेही नाही. मी म्हणालो, “माझी माणसे मरतील, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे.” शब्द ढळला नाही.

हे आबांना वाचून दाखव. आता तूही दुभाषी आहेस. जे म्हणतील ते तसेच लिही.

तुझा,
अर्जुन

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. ९ मार्च १९४९

ती. अर्जुनदादास शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून दाखवले. आई रडली, देवापुढे साखर ठेवली. आबांनी पुन्हा वाचायला लावले. मी लिहायला बसले आणि सवयीने सुरुवात केली, की आबांना फार आनंद झाला. त्यांनी काय लिहिलेस म्हणून विचारले, आणि खोडायला लावले. आता त्यांचेच शब्द:

“आनंद न्हाई. भ्या वाटतंय, तसंच लिव्ह. उद्या भरल्या सभंत ह्याच्या तोंडनं एक शबूद मऊ झाला, तर कुनाचा तरी धुळा जायाचा. ह्ये भ्या त्याच्याबी पोटात ऱ्हाऊ दे. जवर ऱ्हाईल तवर त्यानं खुशाल बोलावं. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी गाडी धरून घरी यावं, हितं नांगर हाय.”

एवढे बोलून ते उठले आणि गोठ्याकडे निघाले. मी कागदाची घडी घालत होते. दारातून परत फिरले. म्हणाले, खाली जागा हाय का? मी हो म्हटले. म्हणाले, “मग आता लिव्ह.”

आबांचे आशीर्वाद.

तुझी,
अंजना