घरीच असते

४ नोव्हेंबर, मंगळवार

नियम सोपे झाले! सरकारी ऑफिसातल्या आजच्या बैठकीत हे इतक्यांदा सांगितलं की सोपं काय झालं ते कळायला दुपार झाली. खाजगी व्यवसाय शिक्षण संस्थांना यापुढे दरवर्षी कागदांचं बाड नको. माझा शिवणक्लासही त्यांच्या भाषेत संस्थाच. गिरणीवरच्या आमच्या दोन खोल्यांचा नकाशा नको, आग विझवायच्या नळकांड्याची पावती नको, शौचालयाचा फोटो नको. त्या शौचालयाचे मी आजवर जेवढे फोटो काढले, तेवढे लग्नात माझेही निघाले नव्हते.

आता फक्त एकच आकडा. शिकून गेलेल्यांपैकी किती जणी कमावत्या झाल्या? ऑफिसातून थेट मुलींना फोन करून विचारणार. निम्म्याहून जास्त निघाल्या तर यादीत हिरवी खूण; कमी निघाल्या तर लाल, आणि नवी तुकडी घ्यायची नाही.

प्रियदर्शनी मॅडम नव्या अधिकारी, वयानं माझ्या भाचीएवढ्या. हुशार वाटल्या. कागद खोटं बोलतात, माणसं नाही, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. लग्नसराई तोंडावर आली आहे, माझ्या मुलींना जेवायला फुरसत नाही. मला कसली भीती?

५ नोव्हेंबर

जुन्या फायली रद्दीत दिल्या. कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला. संध्याकाळपर्यंत संतोषनं त्यात आपले बूट ठेवले होते. बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून नवऱ्याला घरात मोकळी जागा फार लवकर दिसते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लाल! निम्म्या सोडाच, पाव मुलीसुद्धा कमावत नाहीत म्हणे. यादी दोनदा वाचली. मुक्ताईच्या नावापुढेही ‘कमावत नाही’. मुक्ताई! कसबा पेठेतल्या नवऱ्यामुली मुहूर्त ठरायच्या आधी जिच्याकडे ब्लाऊज सांगून ठेवतात, ती. मुक्ताई कमावत नसेल तर पुण्यात कुणीच कमावत नाही.

पलीकडच्या गल्लीतला क्लास हिरवा. त्यांनी आपल्याच मुली ‘सहायक’ म्हणून पटावर घेतल्यात आणि फोनवर काय बोलायचं तेवढं नीट शिकवलंय. तिथल्या मुलींना धड काजं करता येत नाहीत, पण नोकरी सगळ्यांना आहे.

१२ नोव्हेंबर

ऑफिसात जाऊन आले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “आपल्या मुली कमावतात हे आपलं म्हणणं. त्यांचं म्हणणं वेगळं आहे,” म्हणाल्या. फेरतपासणी मिळेल, पण एकदाच. त्यानंतर अर्ज नाही, अपील नाही. नियम सोपे झालेत ना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुक्ताईकडे गेले. बाहेरच्या खोलीत दोरीवर ब्लाऊजच ब्लाऊज. ती तोंडात टाचण्या धरून अस्तर लावत होती. दोन गिऱ्हाइकं पलंगावर, एक दारात. फोन तिनं घेतलाच नव्हता. सासूबाईंनी, यमुनाबाईंनी घेतला होता.

“सरकारी फोन होता,” यमुनाबाई म्हणाल्या. “सून काय करते विचारत होती. म्हटलं, घरीच असते, काही करत नाही. खरं सांगून रेशनकार्ड घालवू का?”

आणि मला चहा दिला! आपल्याकडची रीतच ती. स्थळ आलं की कमाई फुगते, सरकार आलं की आटते. बाकीच्यांकडेही तेच. कुठे नवऱ्यानं सांगितलं, कुठे दिरानं, दोघी-तिघींनी तर स्वतःच सांगितलं, आणि वर मलाच विचारलं की बाई, बरोबर बोलले ना?

संतोषला सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बायकांनाच बायकांच्या कामाची किंमत नाही, म्हणाला. मीही हसले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चार-पाच दिवस वणवण. बिबवेवाडी, अप्पर, मग कसबा. या फोनचा रेशनकार्डाशी संबंध नाही, मी मॅडमना विचारलंय, त्यांनी शब्द दिलाय, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. काही जणी तयार झाल्या. काहींनी ‘बघू’ म्हटलं. पुण्यात ‘बघू’ म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मुक्ताईनं सगळं ऐकलं. सासूबाई मंडईत गेल्या होत्या. टाचण्या काढून बशीत ठेवल्या.

“बाई, मी खरं सांगितलं तर क्लास राहील?”

हो म्हटलं.

“आणि माझं घर?”

तिची कमाई सासूबाईंच्या डब्यात जाते. ती तिची आहे असं त्या घरात आजवर कुणीच म्हटलेलं नाही, तीही नाही. म्हणूनच सगळं सुरळीत चाललंय. आता परक्या माणसाला फोनवर ‘मी कमावते’ म्हणायचं, तेही सासूसमोर, त्याच घरात.

जबरदस्ती नाही, तुला जमेल ते कर, एवढंच म्हणून उठले. परतताना स्वतःची लाज वाटली. माझ्या दोन खोल्या वाचाव्यात म्हणून पोरींनी धीट व्हायचं! पण क्लास गेला तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही, आणि येत असतं तरी दुसरं काही करायचं नाही.

२० नोव्हेंबर

आज आताच्या तुकडीला प्रिन्सेस कट शिकवला. एकीनं दोन्ही भाग डावेच कापले. फार दिवसांनी बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मुलींना ऑफिसचे फोन आले. रात्री मुक्ताईनं मला फोन करून सगळं सांगितलं. यमुनाबाईंनी सवयीनं फोन उचलला. हिनं तो हातातून काढून घेतला आणि उभ्यानं बोलली, “मी मुक्ताई. शिवते. धंदा माझा आहे आणि घर त्याच्यावर चालतं.”

दिवसभर सासूबाई फुगलेल्या. चहासुद्धा स्वतःचा स्वतः केला. संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, भाव कमी करा म्हणून नेहमीसारखं यमुनाबाईंच्या मागे लागलं. तर म्हणतात कशा, मला नका विचारू, मालकीणबाई आत बसल्यात.

टोमणाच तो. पण मुक्ताई म्हणाली, बाई, त्या म्हणाल्या तरी! आणि हसली. मी फोन ठेवला आणि चक्क रडले. रेशनकार्ड, मॅडम, लाल-हिरवं, काही आठवलं नाही त्या वेळी.

३ डिसेंबर, बुधवार

मॅडमचा फोन. मुलींचा आकडा निम्म्याच्या कितीतरी वर गेला! ‘बघू’ म्हणणाऱ्यासुद्धा बोलल्या. फक्त संस्थेचीच पडताळणी राहिली आहे, तीही फोनवरच होईल, फार तर दोन मिनिटं.

क्लासमध्ये बाकरवडी वाटली. नव्या तुकडीची पाटी रंगवायला टाकली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बंदी कायम. विद्यार्थिनी पास, संस्था नापास. मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. नोंद त्यांनी जशीच्या तशी वाचून दाखवली.

नोंदणीत दिलेला नंबर संतोषचा. तेव्हा घरात मोबाईल एकच होता, पुढे बदलायचा राहून गेला. त्याला विचारलं, आपल्या पत्नी संस्था चालवतात ना? तो म्हणाला, “संस्था वगैरे काही नाही हो. घरीच असते. चार बायका येतात, तिचा वेळ जातो.”

सरकारी फोन होता म्हणून सावधपणे बोललो, म्हणतो. असेल. संस्था नाही, हे सावधपणे. घरीच असते, हेही सावधपणे, मान्य.

पण वेळ जातो की नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.