टोकाला लावलेल्या घोड्या

मी, शांतलिंग माणिकप्पा हत्तरगे, वय ७२, धंदा गाड्यांचे पत्राकाम, राहणार उमरगा, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बायकोला तो अजून पटलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी शिवकांता हिची. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये.

२. हायवेवरचे गॅरेज, वेल्डिंग मशीन व सगळ्या हातोड्या मुलगी महेश्वरी हिला. "पोरीला गॅरेज कशाला?" म्हणणाऱ्या भावकीला त्यातला एक पानासुद्धा मिळणार नाही.

३. मागच्या अंगणातली जुनी फियाटही तिचीच. त्या गाडीबद्दल खरे काय ते मीच लिहितो. १९९७ साली तिचा तळाचा पत्रा गंजला होता. तो कापण्याआधी गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. घोड्या मी पुढे आणि मागे, दोन टोकांना लावल्या. माझा भागीदार बलभीम म्हणाला, "अप्पा, मधून खचंल. मधी घोड्या घ्या, दाराच्या चौकटीत आडवा पाइप मारा, मग कापू." मी म्हणालो, "मला शिकवू नको, काप." त्याने कापला. गाडी मधोमध खचली, दारे लागेनात. गिऱ्हाइकासमोर मी बोट बलभीमकडे दाखवले. तो हात धुऊन निघून गेला. गाडी माझ्याच गळ्यात पडली. अठ्ठावीस वर्षे आम्ही एकाच गावात तोंड फिरवून राहिलो. चूक माझी होती. हे लिहिले आणि फार हलके वाटले.

४. यंदा दसऱ्यानंतर त्याच्या घरी गेलो. माफी मागायला जीभ रेटेना. म्हणालो, "फियाटचा पत्रा बदलायचाय. घोड्या कुठं लावायच्या ते सांगायला चल." त्याने चप्पल घातली. मधे जॅक लावून बॉडी सूत-सूत उचलली. दारांच्या फटी सारख्या झाल्यावर आडवे पाइप मारले, घोड्या मधे घेतल्या. आधी एक बाजू कापून जोडली, मग दुसरी. शेवटी पाइप काढून त्याने एका बोटाने दार लावले. "लागलं की व्हो अप्पा," एवढेच म्हणाला. मला रडू आले, ते मी लपवले नाही.

५. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मला बसवूनच समाधी द्यावी. पाठीला टेकू बलभीम सांगेल तिथेच लावावा.

६. चारही घोड्या व जॅक बलभीमला द्यावेत.
हे कलम रद्द. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींतले एक काय ते ठरवा, असे वकील म्हणाले. बलभीमला विचारले. तो म्हणाला, "घोड्या न्हाय पायजेत मला. सही कुठं करायची, सांगा." त्यामुळे घोड्याही महेश्वरीच्या.

ठिकाण: उमरगा
तारीख: १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: शांतलिंग माणिकप्पा हत्तरगे (सही)

आमच्या समोर सही केली:
१. रुद्रेश उमाशंकर बिराजदार, शेजारी (सही)
२. बलभीम ज्ञानोबा सुरवसे, भागीदार (सही)