पाळण्याच्या स्प्रिंगची तपासणी

बाळकुम, ठाणे
मंगळवार

ती. मंजुळाताईस,

धाकट्या विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

तू पणजी झालीस, आता तरी गुडघ्यांना जप. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ठणठणीत आहे. (हे वाक्य मी अपूर्वलाही कालपासून चारदा सांगितलंय, कारण पुढे येईल.) फोन केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो.

आपल्या घरची पाळण्याची स्प्रिंग तुझ्या नातीच्या, संचिताच्या बाळासाठी बारशाआधी डोंबिवलीला पोहोचवायचं मी कबूल केलं होतं. अपूर्वच्या वेळी मीच ती वागळे इस्टेटच्या आमच्या कारखान्यातून आणलेली. पुढे सात पोरं तिने झुलवली, आणि प्रत्येक पोर पाळण्यातून उतरलं की उत्तरा ती पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवायची. आता स्प्रिंगांच्या तपासणीत एकतीस वर्षं घालवलेला माणूस ती न तपासता पाठवील का? हॉलच्या कडीला टांगली, शेजारी फूटपट्टी लावली आणि वही घेऊन बसलो. आधी दोन किलो तांदूळ, मग चार, मग सहा, असं दहापर्यंत. दर दोन किलोला बारा मिलिमीटर, ना कमी ना जास्त. (आमच्या सोसायटीचे सभासद एवढे नियमाने वागते तर मीटिंगा दहा मिनिटांत उरकल्या असत्या.)

तीन किलोच्या बाळाला दहा किलोची खात्री पुष्कळ झाली. पण खोड जाते कुठे? तांदूळ संपले, पिठाचा डबा लावला, तरी वजन काढलं की बाई पुन्हा जागेवर. मग माळ्यावरून उत्तराच्या साड्यांचं गाठोडं काढलं. तिला जाऊन आठ महिने झाले. सोनल, म्हणजे सूनबाई, म्हणते देऊन टाका. माझ्याने होत नाही. काट्यावर बावीस किलो भरलं. ते अडकवलं तशी स्प्रिंग खाली खाली येत गेली आणि गाठोडं धप्पकन जमिनीला टेकलं. काढून पाहतो तर ती मूळ लांबीवर येईना. अडतीस मिलिमीटर लांबच राहिली. असे शेकडो पीस मी ‘बाद’ लिहून टोपलीत टाकलेत, ताई. या वेळी लिहवेना. तेराव्याला पंगतीत लाडू वाढत मीच फिरत होतो, आणि सगळे म्हणाले, विश्राम खंबीर आहे. काल मात्र साड्यांत तोंड खुपसून ढसाढसा रडलो.

तेवढ्यात आवाज ऐकून खालचा स्वानंद वर आला. दार लोटलेलंच होतं. त्याला दिसलं काय, तर छताची कडी, खाली स्टूल, सुटलेली साडी आणि रडणारा म्हातारा. “काका, असं काय करायचं नाय हां,” म्हणत त्याने माझे दोन्ही हात धरले. खुलासा म्हणून मी वही दाखवली, तर त्यातली वजनं वाचून तो जास्तच घाबरला आणि त्याने अपूर्वला फोन लावला. तेव्हापासून अपूर्व सारखा विचारतो, बाबा, जेवलात का. जेवतो रे बाबा.

बाळाला खूप खूप आशीर्वाद.

तुझा
विश्राम

ता. क. नवी स्प्रिंग स्वानंदबरोबर पाठवतो आहे. तपासताना दहा किलोला थांबलो.

ता. क. २. खरं काम एवढंच, की बारशाआधी एकदा तू ये. पाळण्याची झोळी नेसून मऊ झालेल्या साडीचीच हवी; उत्तराची एखादी लाव, बाकीच्या घेऊन जा. मला निवडता येत नाही.

ता. क. ३. जुनी स्प्रिंग मात्र मागू नकोस. ती कडीला रिकामी टांगली आहे, आणि रोज सकाळी मोजायची असं ठरवलंय, एखादा मिलिमीटर तरी वर आली का म्हणून. एकदा अशी ताणली की ती परत जात नाही, हे कारखान्यात नव्या माणसांना मीच शिकवायचो.