मागच्या अंगणातलं खोटं गवत

दादा, मागच्या अंगणात मी गवत टाकलंय. खोटं, प्लास्टिकचं. सगळ्या अंगणात नाही, न्हाणीच्या भिंतीकडच्या अर्ध्यातच. त्यात एक छोटं भोक आहे. काठीनं पांढरा चेंडू हळूच ढकलायचा आणि त्या भोकात घालायचा, एवढाच खेळ. गोल्फ म्हणतात त्याला. खरा खेळ मोठ्या मैदानावर चालतो, हा त्याचा शेवटचा, शांत तुकडा. एवढं ऐकून तुम्ही विचाराल, "अन् मग?" याला मग काही नाही, दादा. यातून काही उगवत नाही, काही विकलं जात नाही, कुणाचं काही भलं होत नाही. तेच तुम्हाला सांगायचंय आणि तेच सांगायला जड जातंय.

मी आता वसमतच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. नळीवर नाव बरोबर लिहिलं की नाही हे मी दोनदा बघते, आणि कुरुंद्याला परत येताना गाडीत पुन्हा आठवत बसते. आई म्हणते, "तुझं डोकं हाय का पवनचक्की?" मागं प्रशिक्षणासाठी मोठ्या शहरात गेले होते, तिथल्या वसतिगृहामागं असा हिरवा तुकडा होता. सोबतच्या एका मुलीनं हातात काठी दिली. वाकून चेंडूकडे बघत उभी राहिले आणि तेवढा वेळ डोक्यात काहीच नव्हतं. चेंडू भोकात गेला का, ते आठवत नाही. ती शांतता आठवते. ती आपल्या घरी असावी असं मला फार वाटलं.

पण आपलं अंगण म्हणजे हळदीचं अंगण. तुम्ही ते पाणी मारून, धुमसानं ठोकून असं पक्कं केलं होतं की काकांची हळदही पहिल्यापासून इथंच वाळायची. तुमच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "शेत वाटलं, अंगण न्हाई." मला त्या अंगणातली एक दुपार लख्ख दिसते. मी चौथीत असेन. शिजवलेली हळद पसरलीय, वास घशाशी बसतोय. कडेला मी टाचेनं खळगा करून गल पाडलाय आणि एकटीच गोट्या खेळतेय. तुम्ही डोक्यावरची पाटी उतरवता, माझ्याकडे बघता. ओरडत नाही. एवढंच म्हणता, "तुझ्या वाटची हळद तुझी माय उलथून राहिली. ते तुला अभ्यासाला मोकळं ठेवायला, याला न्हाई." मी गोट्या ठेवून पुस्तक घेते. आपल्या घरात पहिल्यांदा पुस्तक धरलं ते मी. त्या दिवसापासून माझी प्रत्येक मोकळी घटका मला कुणाच्या तरी घामातून काढलेली वाटत आली. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्ही तेव्हा जे पाहत होता ते खरंच होतं.

गवत टाकायला नांदेडचे मिस्त्री आले. त्यांनी वीतभर माती काढली, खडी घातली, वर दगडाची कच दाबून बसवली, पाणी वाहून जावं म्हणून भिंतीकडे उतार दिला. मी सूत धरून पुन्हा पुन्हा बघत होते, तर म्हणाले, "म्याडम, क्रिकेटचं केलं, लग्नाच्या लॉनचं केलं, कुणी इतकं वाकून न्हाई बघितलं. अन् हे बीळ कशाला? उंदीर पाळता काय?" काका तिथंच उभे होते. त्यांनीही विचारलं, "काहून टाकून राहिली गं हे?" हळदीला अर्धं अंगण सोडलं होतं, तरी खेळायला टाकतेय असं सांगायला तोंड उघडेना. मी म्हणाले, "अंगणाची सोय." काकांनी मान हलवली आणि गेले.

चारच दिवसांनी काकांची हळद शिजवायला बॉयलर लागला. संध्याकाळी मी कामावरून आले तर माझ्या गवतावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओली गरम हळद पसरलेली. काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती बराबर केलं बाई तू! माती लागत न्हाई, पाणी बी खाली जाऊन राहिलं. हळदीला गालिचाच टाकला की! त्या भोकाचं तेवढं मिस्त्रीनं चुकवलं, पसाभर हळद गेली त्यात." आई शेजारी बसून हसत होती. खरंच सगळ्यांना वाटलं होतं की हे हळदीसाठीच आहे. आपल्या घरात अंगणात काही टाकायचं ते आणखी कशासाठी? गप्प बसले असते तर ते कायमचं हळदीचंच झालं असतं, आणि मला वाईट वाटलंय हेही कुणाला कळलं नसतं. मी म्हणाले, "काकू, हे मला खेळायला आहे."

"खेळायला? लेकराबाळांचं का?" काकूंनी विचारलं.

"नाही. मला. एकटीला."

काकू आईकडे बघायला लागल्या. आई पदर खोचून उठली, पाटी ओढली आणि हळद भरायला लागली. मग काकूही वाकल्या. "आधी सांगायचं न्हाई व्हय? सोय म्हणे!" काकांनी पहिली पाटी उचलली, अंगणाच्या दुसऱ्या अर्ध्यात नेऊन ओतली आणि पाठमोरेच म्हणाले, "दादा असता तर..." रिकामी पाटी घेऊन ते परत वळले. आम्ही अंधार पडेपर्यंत हळद हलवली. गवतावर पिवळे पट्टे राहिलेत. घासून जात नाहीत, उन्हानं जातील म्हणतात.

काकांचं ते वाक्य मी तेव्हापासून पुरं करतेय. दादा असता तर रागावला असता. दादा असता तर हसला असता, काठी हातात घेऊन बघितली असती. दोन्ही मला पटतं, दोन्ही खोटं वाटतं. खरं काय ते मला ठाऊक आहे. तुम्ही असता तर मी हे गवत टाकलंच नसतं. तुम्ही नको म्हणाला असता म्हणून नाही. तुम्ही उन्हात उभे असताना मला वाकून चेंडूकडे बघत राहता आलं नसतं, इतकंच. तुमची आठवण मला रोज येते, दादा, आणि रोज संध्याकाळी मी खेळते, आणि मला बरं वाटतं. हे मी आईला सांगणार नाही. तुम्हाला सांगू शकले, तेही हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून.