पोळपाटावरच्या चान्या

माय,

एक तक्रार नोंदवायची आहे आणि ती ऐकून घ्यायला घरात दुसरं कुणी रिकामं नाही. आपला पोळपाट जप्त झाला आहे. तीन पायांचा, सागवानी, तुझ्या सुनेनं माहेरून आणलेला. तुझ्या नातीनं काल तो लिंबानं घासला, उन्हात ठेवला, त्याला गोडंतेल पुसलं, आणि आता तो बैठकीतल्या टेबलावर मूर्तीसारखा प्रतिष्ठापित आहे. त्याच्याकडं कुणी पीठ घेऊन जायचं नाही, अशी ताकीद आहे. सकाळच्या पोळ्या उलट्या परातीवर लाटल्या गेल्या. त्यांचे आकार कुठल्याच शास्त्राला मान्य होणार नाहीत. मी निषेध म्हणून दोनच खाल्ल्या, पण घरातल्या निषेधांचं जे होतं तेच झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण सांगतो. तुझी नात पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात नोकरीला आहे. तिचं लग्न जमतंय. जमवलंय तिनंच, आम्ही फक्त मान डोलावली. मुलगा शांत आहे, सगळं जाणून आहे. त्याचे आईवडील मात्र आज पहिल्यांदा आपल्या घरी येणार आहेत. बार्शीवरून येताना तेरचं जुनं मंदिर बघतील, आणि संध्याकाळी पाच-सहापर्यंत धाराशिवात पोचतील. त्यांच्यासाठी कांदेपोहे करायचे नाहीत असं तिनं ठरवलं आहे. तिच्या हॉटेलात एका लाकडी फळीवर तऱ्हेतऱ्हेचं चीज, खारवून मुरवलेलं मांस, फळं, सुकामेवा असं मांडतात आणि सोबत तांबडी वाइन देतात. ती फळी आज आपल्या घरी. फळीच्या जागी पोळपाट.

वाइनची बाटली पाहून तुला पंचशील आठवलं असतं हे मला माहीत आहे. मलाही आठवलं. पाचवं शील म्हणताना तुझा आवाज चढायचा, शेजारच्या दोन घरांना मुद्दाम ऐकू जावं इतका. नातीनं त्यावर तोड काढली आहे. पाहुण्यांच्या पेल्यात वाइन आणि माझ्या पेल्यात जांभळाचं सरबत, रंग तोच. तीस वर्षं मी पोरांना संस्कृत शिकवलं, त्या भाषेत मद्याला इतके शब्द आहेत की एका तासिकेत मावत नाहीत, आणि चव एकाचीही ठाऊक नाही. पुस्तकी विद्या म्हणतात ती हीच.

मांडणी मी बघत बसलो. ती हात लावू देत नाही, पण बघू देते. तिचे नियम आहेत आणि ते ती सूत्रांसारखे तुटक सांगते. खारटाच्या शेजारी गोड. कडक असेल तिथं मऊ. तांबड्या वाइनला जीभ आवळायची सवय असते, म्हणून तिच्यासोबत काहीतरी स्निग्ध हवंच. एक चीज पिवळं, खडूसारखं ठिसूळ. दुसरं पांढऱ्या सालीचं, आतून ओघळणारं. तिसऱ्यात निळी बुरशी आहे, आणि ती मुद्दाम वाढवलेली आहे. तू असतीस तर ते चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकलं असतंस आणि वर तिलाच दोन शब्द ऐकवले असतेस. बिस्किटांऐवजी तिनं ज्वारीच्या भाकरीचे पापडासारखे कडक तुकडे केलेत. आपल्याकडची काळी द्राक्षं, अंजीर, भाजलेले शेंगदाणे, मधाची वाटी. पुण्याहून आणलेल्या खारवलेल्या मांसाच्या चकत्या तिनं घडी घालून फुलासारख्या उभ्या केल्या. आणि मध्यभागी तळहाताएवढी जागा मोकळी ठेवली.

ती जागा चान्यांची आहे.

मागच्या हिवाळ्यात ती एकदा सहज विचारत होती, की दुष्काळात आजी काय खायची. मी सांगत गेलो. बोकडाच्या मांसाच्या लांब पातळ पट्ट्या, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेल्या, वर्षभर गाडग्यात राहणाऱ्या. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, बाबा, आमच्याकडं हेच परदेशातून येतं. मग तिनं हट्टच धरला. गेले चार दिवस मी गच्चीवर चान्या राखत बसलोय. मांस मीच कापलं. तू कापायचीस तशी एका तुकड्याची न तुटता लांबच लांब पट्टी मला जमली नाही, माझ्या पट्ट्या वितीएवढ्याच. पण वाळल्या नीट.

गच्चीवर मांडीवर पुस्तक आणि हातात कावळ्यांसाठी काठी घेऊन बसलो की दुपार कशी पातळ होते. डोळा लागतो की नाही कळत नाही. दोरीवरच्या पट्ट्या उन्हात आधी गुलाबी, मग तपकिरी, मग लाकडासारख्या होतात, वारा आला की एकमेकींवर हलकेच वाजतात, आणि त्या आवाजात गच्ची विरघळून जाते. खाली आपलं अंगण असतं. सारवलेलं, तडकलेलं. तू दोरीखाली उभी आहेस, पदर दातात धरलेला. तुझ्या हातात तीच काठी आहे. काल तर मी तुला हाकही मारली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी ओ दिली, तेव्हा मला खोकल्याचं नाटक करावं लागलं.

त्या दुष्काळाच्या वर्षी गावात दूध संस्था नुकतीच निघाली होती. योजनेतून तुला एक गाय मिळालेली. तू चरवी घेऊन केंद्रावर गेलीस की तुझं दूध शेवटी घेत, आणि निराळ्या कॅनमध्ये घेत. त्या कॅनच्या कानाला तांबडा दोरा बांधलेला. कुणी काही बोलायचं नाही, दोराच बोलायचा. मग एक दिवस टेम्पोवाल्याला उशीर झाला होता. त्यानं दोराबिरा न बघता सगळे कॅन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाच टाकीत ओतले. तू घरी आलीस ती हसतच. हसू आवरेना म्हणून उंबऱ्यावर बसलीस. "आता हुडका म्हणावं माझं कुठलं हाय ते," एवढंच म्हणालीस, आणि पुन्हा हसायला लागलीस. आज ते चीज बघताना मला तेच वाटत होतं. कुणाकुणाच्या चरवीतलं असेल, कोण हुडकणार.

पुढं चारा संपला. गाय कशीबशी जगवली, पण बोकड जगवता येईना. वाळून मरायच्या आधी तो कापायचा असं तू ठरवलंस. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, हा शब्द आपल्या घरानं दीक्षेच्या दिवशी दिला होता आणि तू तो दुष्काळातही सोडला नाहीस. गल्लीतल्या खाटीकचाचांना बोलावलंस. चाचा म्हणाले, "भाभी, मटन बाजारला धाडा, लई लोक हाईत." तू म्हणालीस, न्हाय, हे माझ्या लेकराचं वर्षाचं खाणं हाय. दोन दिवस तू सुरी चालवलीस. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी भरली.

आणि त्याच आठवड्यात माझा दहावीचा निकाल लागला. संस्कृतात तालुक्यात पहिला. जवळच्या वाशीच्या शाळेतल्या आमच्या संस्कृतच्या सरांनी निरोप पाठवला की उद्या सायकलवर येतो, आईला भेटायचं आहे. सर सज्जन होते. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं, स्वतःची पुस्तकं दिली, उच्चार चुकला तर माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतला. त्यांच्याकडून मला एकही वाकडा शब्द कधी मिळाला नव्हता. तरी मी त्या सकाळी तुझ्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, ही दोरी काढ.

तू म्हणालीस, अजून दोन दिवसाचं ऊन पायजे. मी म्हणालो, सर शाकाहारी आहेत. तू माझ्याकडं बघितलंस. मी जे कारण सांगितलं ते खरं होतं, आणि ते कारण नव्हतं, हे तुला तेवढ्या वेळात कळलं. तू एकेक पट्टी उतरवलीस, गाडग्यात भरलीस, तोंडाला फडकं बांधलंस आणि गाडगं चुलीमागच्या अंधारात ठेवलंस. अंगण पुन्हा सारवलंस. सर आले. आपल्या कपातून चहा प्याले, पुन्हा मागून घेतला. मला पुढं शिकवा म्हणाले. जाताना त्यांनी दोरीच्या त्या रिकाम्या खुंट्यांकडं बघितलं का? मला वाटलं, बघितलं. तसं वाटलं इतकंच.

ओलसर चान्या गाडग्यात कोंडल्या होत्या. तुला वाटलं असेल उद्या पुन्हा घालू. पण दुसऱ्या दिवशी आभाळ भरून राहिलं, पडलं काहीच नाही, नुसतं दमट. तिसऱ्या दिवशी तू फडकं सोडलंस आणि घरभर तो वास पसरला. वर्षाचं खाणं. तू परसात खड्डा घेतलास. मी मदतीला आलो तर म्हणालीस, तू वाच. संध्याकाळी भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता, तू एकदाच बोललीस.

"सरांनी इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं. त्यात काय हुतं."

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं असं मला पुढं कितीदा वाटलं. त्या वर्षी आपण मीठ-भाकर आणि अंबाडी खाल्ली, आणि तू एकदाही चान्यांचं नाव काढलं नाहीस. मी शिकलो, सर म्हणाले तसा. नोकरी लागली. तू गेलीस त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. या कॉलनीत घर बांधलं. आपलं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही, आणि संस्कृतचा मास्तर म्हटलं की लोक पुढचं आपोआप गृहीत धरतात. सत्यनारायणाला मुहूर्त विचारायला येतात. मी खोटं एकदाही बोललो नाही, माय. फक्त दुरुस्ती केली नाही. पोरांच्या वह्यांतली एक मात्रा चुकली तर तांबड्या शाईनं गोल करणारा माणूस मी.

नातीला मात्र ती चूक दिसते. आज सकाळी चान्या तेलावर परतून, वर थोडं तिखट टाकून, तिनं बोटांनी सुट्या केल्या आणि मला म्हणाली, "या मधोमध ठेवणार, बाबा. आणि या कुणाच्या, कशा, कोणत्या घरातल्या, ते मी सांगणार आहे. त्यांनी विचारलं नाही तरी सांगणार आहे." आवाज चढवला नव्हता. मी म्हणालो, सांग की. मग विचारलं की वाइनबरोबर त्या जातील ना. ती हसली. तांबड्या वाइनबरोबर याच जातील, बाकी सगळं शोभेला आहे.

आता चार वाजलेत. तुझी सून दारात रांगोळी काढते आहे. हा कागद मी कुठं टाकणार, तुझा पत्ता मला माहीत नाही. संस्कृताच्या जुन्या शब्दकोशात ठेवून देईन, तो या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. लग्न मोडेल याची काळजी मला आहे असं तुझी सून समजते. मीही तिला तसंच समजू देतोय. पाहुण्यांची भीती मला वाटत नाही. ते कसे वागतील ते त्यांचं. पोरगी बोलायला लागेल, आणि त्याच क्षणी मी मधे पडून त्यांना तेरच्या मंदिराबद्दल काहीतरी विचारेन, याची मला भीती वाटते आहे.